पुराची पातळी मंजुरीच्या फाईलमध्ये कशी आणायची? सीमाभागातील नवीन सदस्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यात ग्रामपंचायतीवर किंवा नगरपालिकेवर नवीन निवडून आलेल्या माणसाला पुराचे काम म्हणजे जुलै-ऑगस्टची धावपळ वाटते. बोट, छावणी, चारा, पंचनामे. ही कामे करावीच लागतात. पण पुढच्या पुरात पाणी कुणाच्या घरात शिरणार, हे बरेचसे आधीच ठरून गेलेले असते. कधीतरी फेब्रुवारी-मार्चमध्ये ओढ्याकाठच्या शेताच्या एनए (बिगरशेती) फाईलवर सही झालेली असते. एखाद्या मासिक सभेत अंगणवाडीसाठी 'गावाजवळची सरकारी पडीक' म्हणून सखल तुकडा मंजूर झालेला असतो. त्या दिवशी टेबलावर उतारा असतो, नकाशा असतो, फी भरल्याची पावती असते. २०१९ साली त्या जागेवर किती पाणी होते, हे सांगणारा कागद तेवढा नसतो.

माहिती नाही म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. तहसील कार्यालयात पंचनाम्यांच्या याद्या आहेत, पाटबंधारे खात्याकडे पातळीच्या नोंदी आहेत, उपग्रहाची चित्रे आहेत आणि गावातल्या जुन्या माणसांना तर पायरी-पायरीचा हिशेब तोंडपाठ आहे. ही सगळी माहिती निर्णयाच्या दिवशी, निर्णयाच्या फाईलमध्ये असावी, यासाठी काय करायचे ते इथे क्रमाने लिहितो. ग्रामपंचायत सदस्य, नगरसेवक, गावच्या विकास आराखड्यावर काम करणारी तरुण मुले आणि प्लॉट घ्यायला निघालेले कुटुंब, सगळ्यांना यातले काही ना काही उपयोगी पडेल.

पायरी १ : आपला पूर कोणता ते ओळखा

एकाच जिल्ह्यात पुराच्या चार तऱ्हा आहेत आणि एका गावाचा उपाय दुसऱ्या गावाला लागू पडत नाही.

निपाणी, चिकोडी, रायबाग, कागवाड आणि अथणी तालुक्यांतल्या नदीकाठाला पूर वरून येतो. पाऊस पडतो सह्याद्रीत. पाणी येते कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेतून. वर कोयना धरण आहे, दूधगंगेवर काळम्मावाडी आहे, वेदगंगेवर पाटगाव आहे आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळून खाली आपल्याकडे येते. अथणी तर दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा तालुका. तिथे आकाश कोरडे असताना काठावरच्या गावांत पाणी शिरलेले लोकांनी पाहिले आहे. त्यामुळे 'आमच्याकडे पाऊसच कमी' हे कारण इथल्या जमिनीच्या फाईलवर चालत नाही. हा पूर हळूहळू चढतो, सावरायला थोडा वेळ देतो, पण उतरायलाही अनेक दिवस घेतो. मातीच्या भिंती याच मुक्कामात खचतात.

गोकाक, मुडलगी आणि हुक्केरीकडे घटप्रभा आहे. इथे नवीन माणूस फक्त हिडकल धरणाकडे बघतो, कारण ५१ टीएमसीचे ते धरण मोठे आणि त्याचा विसर्ग रोज पेपरात येतो. पण संकेश्वरवरून येणारी हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते ती हिडकलच्या खाली, आणि मार्कंडेय मिळते गोकाकजवळ. तिन्हींचे पाणी एका वेळी आले की गोकाकमध्ये काय होते, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी पाहिले. लोळसूरचा पूलही पाण्याखाली होता. हिडकलचा एकटा आकडा पाहून गोकाकमधल्या जागेचा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

मलप्रभेची गोष्ट वेगळी. कणकुंबीजवळ उगम, खानापूर तालुक्यात भरपूर पाऊस आणि ओढ्यांचे वेगवान पाणी. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरण आणि त्याच्या खाली रामदुर्ग. खानापूरच्या लोकांनी ओढ्याचा वेग बघायचा, रामदुर्गच्या लोकांनी धरणाचा विसर्ग.

बेळगाव शहराला तर मोठी नदीच नाही, तरी पूर आहे. बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर, वडगाव आणि येळ्ळूर शिवारातली भातशेती पाण्याखाली जाते. हा पूर केंद्रीय जल आयोगाच्या अंदाजात येत नाही. त्याची खरी नोंद शेतकऱ्यांकडे आहे: कुठल्या वर्षी रोप कुजले, पेरणी किती वेळा करावी लागली, पाणी किती दिवस बसले. शहराच्या नियोजनात या नोंदीला किंमत मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते. आज जिथे बासमती कुजते तिथेच उद्या तळमजले असतील.

पायरी २ : निर्णय कुठे होतो आणि सही कुणाची

पुराची माहिती कुणाला द्यायची हे कळल्याशिवाय ती गोळा करून उपयोग नाही. जमिनीचे निर्णय साधारण चार ठिकाणी होतात.

शेतजमीन बिगरशेती करण्याचा अर्ज कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४, कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. शहराचा मास्टर प्लॅन आणि त्यातले ले-आउट कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ खाली नियोजन प्राधिकरण पाहते. बेळगावपुरते ते 'बुडा', म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. गावातली घरबांधणीची परवानगी ग्रामपंचायत देते. आणि चौथा निर्णय, ज्याला कुणी जमिनीचा निर्णय समजतच नाही, तो म्हणजे सरकारी बांधकामाची जागा: शाळा, आरोग्य उपकेंद्र, पाण्याची टाकी, जॅकवेल, विजेचे उपकेंद्र, घरकुलाचे प्लॉट, रस्त्याचा भराव.

या चौथ्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. खासगी ले-आउटवर सगळ्यांची नजर असते. सरकारी इमारत मात्र 'जागा फुकट मिळते' एवढ्या एका कारणावर कुठेही बसवली जाते. गावातली फुकटची जागा बहुतेक वेळा सखल असते, कारण उंचावरची चांगली जागा कधीच कुणीतरी घेतलेली असते.

पूर ओसरल्यानंतरची नुकसानभरपाईसुद्धा जमिनीचाच निर्णय असते. २०१९ नंतर पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर झाले. माणसाला डोक्यावर छप्पर हवे होते आणि ती मदत गरजेचीच होती. पण घर त्याच पायावर, त्याच उंचीवर पुन्हा उभे राहिले, तर पुढच्या पुराची तारीख तेवढी बाकी राहते. घर मंजूर करतानाच जोत्याची उंची लिहून घ्यायची संधी तिथे असते.

पायरी ३ : माहिती गोळा करा

सुरुवात तहसील कार्यालयापासून करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घरांचे आणि पिकांचे पंचनामे झाले. घरांची यादी घर क्रमांकाप्रमाणे असते, पिकांची सर्वे नंबरप्रमाणे. गावचा नकाशा काढा आणि यादीतले सर्वे नंबर रंगीत पेन्सिलीने रंगवत जा. एका दुपारी तुमच्या हातात पूररेषेचा कच्चा नकाशा तयार होतो. एखादा सर्वे नंबर अर्धा रंगवावा लागेल, कुणाचे नाव वशिल्याने आत आलेले असेल, कुणाचे सुटलेले असेल. म्हणून हा नकाशा अंतिम धरू नका. यादी देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. जागेवर उभे राहून सर्वे नंबर ओळखायला 'दिशांक' हे राज्य सरकारचे मोबाईल अॅप कामाला येते.

मग गावात फिरा. पुराच्या खुणा अजून दिसतात: देवळाच्या भिंतीवरची गाळाची रेघ, शाळेच्या व्हरांड्यावर कुणीतरी रंगाने काढलेली २०१९ ची खूण, विजेच्या डीपीचा चौथरा, जुन्या वाड्याची बुडालेली पायरी. प्रत्येक खुणेचा फोटो घ्या आणि दोन-तीन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांना विचारा. बायकांना जरूर विचारा. पाणी चुलीपर्यंत आले की कणगीपर्यंत, जनावरे कुणाच्या माळावर नेली, पिण्याचे पाणी कुठून आणले, हे त्यांना जेवढे अचूक आठवते तेवढे चावडीवर बसणाऱ्यांना आठवत नाही.

आता खरी मेहनत. देवळाच्या भिंतीवरची खूण तिकडे, आणि ज्या प्लॉटचा निर्णय घ्यायचा तो अर्धा किलोमीटर इकडे. खूण तिथपर्यंत न्यायची कशी? मोजणी करणारा ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन आला तर उत्तमच. नसेल तर गवंड्याकडची पारदर्शक नळी पुरेशी आहे. नळीत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक देवळाच्या कट्ट्याशी धरा आणि दुसरे टोक नळी पुरेल तिथे काठीला लावा. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत स्थिर झाले की काठीवर खूण करा, जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, वहीत लिहा आणि पुढे सरका. असे टप्प्याटप्प्याने प्लॉटपर्यंत पोहोचा आणि दुसऱ्या वाटेने परत कट्ट्याशी या. परतल्यावर सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोन-तीन इंचांपेक्षा जास्त चुकला, तर मोजणी पुन्हा करा. दोन माणसे, एक गवंडी आणि एक सकाळ लागते. यातून निघणारा 'हा प्लॉट देवळाच्या कट्ट्यापेक्षा तीन फूट खाली' हा एक आकडा भल्या मोठ्या अहवालापेक्षा सभेत जास्त काम करतो, कारण देवळाचा कट्टा प्रत्येकाने पाहिलेला असतो.

यानंतर सरकारी स्रोत. केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र दूधगंगेवर सदलग्याला आहे, घटप्रभेवर गोकाककडे आहे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र पावसाची आणि नद्यांची माहिती देते. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर मोठ्या पुरांची उपग्रह-चित्रे पाहता येतात. त्यात एक मेख आहे. उपग्रह ज्या दिवशी वरून गेला त्या दिवसाचे पाणी तो दाखवतो. पाणी सर्वांत वर होते त्या रात्रीचे दाखवेलच असे नाही. चित्रात तुमचा प्लॉट कोरडा दिसला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. तो पाण्यात दिसला तर मात्र वादच संपला.

नदीकाठची गावे आणखी एका गोष्टीवर नेहमी लक्ष ठेवतात: कोल्हापूरचा राजाराम बंधारा, इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीचा आयर्विन पूल, इशारा ४० आणि धोका ४५. पावसाळ्यात जीव वाचवायला ही माहिती मोलाची आहे. जमिनीच्या निर्णयाला मात्र ती थेट वापरता येत नाही. कारण पुढे येते.

पायरी ४ : आकडा वाचायला शिका

राजाराम बंधाऱ्याचे ४३ फूट हे तिथल्या मोजपट्टीवरचे फूट आहेत. खाली कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६ मीटर ही समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. हिडकलची पातळी फुटांत सांगतात, पण तीही समुद्रसपाटीपासूनची. हे आकडे एकमेकांतून वजा करणारे लोक मी सभांमधून पाहिले आहेत. त्यातून निघणाऱ्या उत्तराला काहीच अर्थ नसतो. कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न: शून्य कुठे धरले आहे?

अलमट्टीचे नाव निघाले की सभा दुसरीकडेच जाते. कृष्णा लवादाने उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे, फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे पाणी तुंबते का याचा, वाद कित्येक वर्षे चालला आहे. सदस्य म्हणून तुमचे त्यावर मत असेल, असावे. पण अंगणवाडीची जागा ठरवताना तो वाद निकाली निघण्याची वाट पाहू नका. आजवर गावात जास्तीत जास्त पाणी जिथे आले ती खूण धरा आणि तिच्यावर थोडी मोकळीक ठेवा. ती खूण दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना मान्य करावीच लागते.

दुसरा गोंधळ 'शंभर वर्षांतला पूर' या शब्दांचा. 'एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत येत नाही' असे लोक समजतात आणि प्लॉट घेतात. अर्थ असा आहे की दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता. मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षे घरात राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. 'पंचवीस वर्षांतला पूर' धरला तर वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीतच ती सुमारे ५६ टक्के, आणि तीस वर्षांत ७१ टक्के. म्हणजे हप्ते फिटायच्या आत घरात पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त. हे वाक्य सभेत असेच्या असे बोला. सगळी आकडेमोड बाजूला ठेवून माणूस एवढेच लक्षात ठेवतो. आणि हिशेब नको असेल तर उजळणी पुरे: २००५, २०१९, २०२१.

सीमाभागातला आणखी एक घोळ. आपण कोल्हापूर-सांगलीच्या बातम्या वाचतो, त्यात निळी रेषा आणि लाल रेषा असते. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोहोंच्या मध्ये अटी. केंद्राने १९७५ साली पूरक्षेत्र नियमनाचा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला होता. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्याच राज्यांनी तो केला. कर्नाटकात असा स्वतंत्र कायदा झालेला नाही. म्हणून निपाणीच्या फाईलवर 'लाल रेषेच्या बाहेर आहे' असे कुणी तोंडी सांगितले, तर कुठल्या नकाशावरची आणि कुणी आखलेली रेषा, ते विचारा. आपल्याकडे मास्टर प्लॅनमधले नियम, नदी-नाल्यांपासून सोडायचे अंतर आणि आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा यांवरच भिस्त आहे.

पायरी ५ : कुठल्या जागेवर काय चालेल

इथे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २००८ ची पूरविषयक मार्गदर्शक तत्त्वे हाताशी ठेवा. त्यांतली प्रतवारी सोपी आहे. दवाखाना, वीज, पाणीपुरवठा, दूरध्वनी केंद्र अशा, ऐन पुरात चालू राहायलाच हव्यात त्या गोष्टी शंभर वर्षांतल्या पुराच्या किंवा आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या वर. सरकारी कचेऱ्या, शिक्षणसंस्था आणि घरे निदान पंचवीस वर्षांतल्या पुराच्या वर, आणि धोक्याच्या पट्ट्यात असतील तर खांबांवर. बागा आणि खेळाची मैदाने वारंवार पाणी येणाऱ्या जागेवर चालतात.

ले-आउटमध्ये या तिसऱ्या ओळीचा चांगला उपयोग होतो. बिल्डर उद्यानासाठी नाल्याकाठचा सगळ्यात वाईट कोपरा सोडतो, अशी तक्रार असते. पुराच्या दृष्टीने तोच कोपरा उद्यानाला योग्य आहे. आक्षेप तिथे घ्यायचा नाही. आक्षेप घ्यायचा तो दोन-चार वर्षांनी त्याच उद्यानात मुरूम टाकून समाजभवन उभे राहते तेव्हा. म्हणून मंजुरीतच लिहून घ्या की ही जागा भराव न घालता, आहे त्या उंचीवर मोकळी राहील.

पाण्याची खोली एवढेच पाहू नका. वाट पाहा. निपाणी-चिकोडी भागात कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे कमी उंचीचे बंधारे आणि पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कृष्णेवरचा कुडची-उगार पूलही जातो. घर कोरडे, पण बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ता नाही, अशी वेळ तिथल्या लोकांवर येते. आरोग्य उपकेंद्राची जागा ठरवताना गावाच्या नकाशावर पूल बंद करून बघा, आणि कुठल्या वाड्या तुटतात ते मोजा.

भरावाचेही तसेच. २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली. रस्ता उंच केला की वाहने सुटतात, पण मोऱ्या पुरेशा नसतील तर तोच रस्ता बांधासारखा पाणी अडवतो आणि वरच्या अंगाच्या शेतात ते जास्त दिवस बसते. रस्त्याचा प्रस्ताव आला की 'पाणी कुठून जाणार?' हे विचारणारा निदान एक सदस्य सभेत असला पाहिजे.

पायरी ६ : एक फाईल हातात घेऊन बघू

समजा, दूधगंगेकाठच्या गावात दोन एकर शेतावर प्लॉट पाडण्याचा अर्ज आला. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर २०१९ ची खूण कट्ट्यापासून चार फुटांवर. नळीने मोजल्यावर शेताचा नदीकडचा भाग कट्ट्यापेक्षा तीन फूट खाली निघाला. म्हणजे तिथे सात फूट पाणी होते. गावाकडचा २५ गुंठ्यांचा भाग कट्ट्यापेक्षा दोन फूट उंच. तिथे दोन फूट.

अर्जदार म्हणतो, 'भराव घालतो.' हिशेब मांडा. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणून खालचे ५५ गुंठे जवळपास ६० हजार चौरस फूट. सात फूट भराव म्हणजे चार लाख घनफुटांवर, म्हणजे सुमारे ४,२०० ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तीन ब्रासचा टिपर धरला तर १,४०० खेपा. कागदावर भराव लिहिणारे खरोखर एवढा घालत नाहीत; दोन-अडीच फूट घालून प्लॉट विकतात. आणि खरोखर घातला, तर त्या जागेत मावणारे पाणी शेजाऱ्याच्या उसात आणि खालच्या गल्लीत जाते.

मग काय सुचवाल? सरसकट नकार दिला तर अर्जदार वरून दबाव आणतो आणि सगळेच मंजूर करून घेतो. मला योग्य वाटते ते असे: वरच्या २५ गुंठ्यांत प्लॉट, जोते जमिनीपासून निदान साडेतीन फूट, जेणेकरून खुणेवर दीड फुटाची मोकळीक राहते. विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर त्याहून वर. खालचे ५५ गुंठे शेतीच राहील, नाहीतर भरावाशिवाय मैदान. प्लॉटपासून गावाच्या उंच भागाकडे जाणारा रस्ता मध्ये सखल होत असेल, तर आधी तो दुरुस्त. आणि विक्रीच्या वेळी खरेदीदाराला २०१९ ची पातळी लेखी द्यायची. ही शेवटची अट किरकोळ वाटते, पण शिकून बेळगाव-पुण्याला गेलेला मुलगा आईवडिलांसाठी गावाकडे प्लॉट घेतो, तेव्हा त्याला गावची खूण कोण सांगणार?

पायरी ७ : कागदावर आणा

तोंडी बोललेले सभेत विरून जाते. ठरावात चार गोष्टी असू द्या: सर्वे नंबर, कुठल्या पुराची कुठली खूण, त्या खुणेवरून जागेवर आलेली खोली, आणि त्यावरून घातलेली अट. उदाहरणार्थ: 'सर्वे नंबर अमुक या जागेच्या पश्चिम भागात ऑगस्ट २०१९ च्या पुरात, मारुती मंदिराच्या भिंतीवरील खुणेनुसार, अंदाजे सात फूट पाणी होते. सबब या भागात बांधकामास ग्रामपंचायतीची हरकत असून, पूर्व भागात जोत्याची उंची जमिनीपासून किमान साडेतीन फूट ठेवण्याच्या अटीवर शिफारस करण्यात येते. फोटो व मोजणीची वही सोबत जोडली आहे.' अशी नोंद असलेली फाईल वरच्या कचेरीत गेली, की सही करणाऱ्याला ती नोंद ओलांडून सही करावी लागते. पुढे काही घडले तर त्याचे उत्तरही द्यावे लागते.

आपल्याकडे ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. ज्याला कन्नड नीट वाचता येत नाही त्या मराठी सदस्याने फूट, सर्वे नंबर आणि अटीचे वाक्य कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि मगच सही करावी. पाणी मोजताना भाषेचा वाद आड येत नाही. मराठी आणि कन्नड घरांच्या भिंतींवरची रेघ एकाच उंचीला असते.

कायद्याचा आधार मागितला तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ दाखवा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे आपल्या हद्दीतली बांधकामे आपत्ती टाळण्याच्या निकषांनुसार आहेत हे पाहणे स्थानिक संस्थेचे काम आहे. कलम ३० प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण कुठल्याही बांधकामाची तपासणी करून संबंधितांना निर्देश देऊ शकते, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. एनएची फाईल ज्यांच्या टेबलावर, त्यांच्याच हातात हा अधिकारही आहे, हे अर्जात नम्रपणे लिहा.

शहरात राहत असाल तर मास्टर प्लॅनच्या मसुद्यावर लक्ष ठेवा. दर दहा वर्षांनी तरी त्याची फेरतपासणी व्हायची असते आणि तेव्हा हरकती मागवतात. 'नाला वाचवा' एवढेच लिहिलेली हरकत बाजूला पडते. सर्वे नंबर, पाणी बसल्याच्या तारखा, फोटो आणि 'हा पट्टा निवासीऐवजी शेती किंवा मोकळी जागा म्हणून दाखवावा' अशी नेमकी मागणी असेल, तर तिला उत्तर द्यावे लागते. शेजारच्या दहा-वीस शेतकऱ्यांनी प्रत्येकी आपापल्या सर्वे नंबरची हरकत दिली, तर त्या मसुद्यासमोर खरा पूर-नकाशाच उभा राहतो.

पायरी ८ : जे आधीच तिथे राहतात

नवीन ले-आउट अडवणे त्या मानाने सोपे. खालच्या गल्लीत तीन पिढ्या राहणाऱ्यांचे काय? त्या घरांत बहुतेक वेळा मजूर, छोटे शेतकरी, कोळी-भोई समाजातली माणसे राहतात. त्यांना 'पूररेषेत आहात' म्हणून परवानगी नाकारायची आणि दुसरी जागाही द्यायची नाही, हे मी कधीच योग्य मानणार नाही. माहितीचा वापर त्यांना हुसकावण्यासाठी होऊ लागला, तर पुढच्या वेळी कुणी खूण दाखवणार नाही.

२००९ च्या उत्तर कर्नाटकातल्या पुरानंतर 'आसरे' योजनेत नवी गावठाणे उभी राहिली, आणि कितीतरी ठिकाणी लोक जुन्या घरातच राहिले. स्थलांतराची जागा बघायला जाताना म्हणून कुटुंबातल्या बाईला आणि म्हाताऱ्यांना सोबत न्या. गोठा कुठे बांधणार, शेतापासून अंतर किती, उन्हाळ्यात पाणी कुठून, देव कुठे राहणार, मुलीला शाळेतून येताना अंधार होतो का. जागेच्या अहवालात उंचीच्या आकड्याशेजारी या प्रश्नांची उत्तरे लिहा. ज्यांना जायचे नाही त्यांच्यासाठी त्याच गल्लीत काय करता येईल तेही त्याच पानावर येऊ द्या: धान्य ठेवायला पक्का माळा, वर चढवलेला मीटर, जनावरांसाठी आधीच ठरवलेला माळ आणि तिथपर्यंत पाण्याखाली न जाणारी पाणंद. पाणंदीचा खर्च गावच्या विकास आराखड्यात घालता येतो. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय पावसाळ्याआधी यायला हवा, म्हणून सचिवांकडे अर्ज हिवाळ्यातच द्या.